वेग फाटकाशी नको, बाकावर मोजा

तालुक्याच्या कॉलेजात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सीनियर मंडळींकडून एक अलिखित नकाशा मिळतो. ऑफिसच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर वायफाय लागतं. ग्रंथालयात ते दारापासच्या दोन टेबलांपर्यंतच येतं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये फोनला रेंज नसते, आणि ओटीपी यायचा असेल तर गच्चीच्या जिन्यात जाऊन उभं राहायचं. त्याच कॉलेजच्या फायलीत मात्र ‘इंटरनेट जोडणी ५० एमबीपीएसहून अधिक, वायफाय सुविधा संपूर्ण परिसरात’ अशी नोंद असते. ही नोंद बहुतेक वेळा खोटी नसते, कारण जोडणी खरोखर घेतलेली असते आणि बिलंही दरमहा भरलेली असतात. तरीही विद्यार्थ्याच्या हातातल्या फोनवर गोल चक्र फिरत राहतं.

याचं मूळ आपण काय मोजतो, यात आहे. संलग्नित महाविद्यालयांचं मूल्यमापन करताना नॅकने इंटरनेटसाठी जे निकष लावले, त्यात कॉलेजने घेतलेल्या जोडणीची क्षमता हा एक ठळक निकष होता. त्याचे पाच टप्पे होते आणि सर्वांत वरचा टप्पा ५० एमबीपीएस किंवा त्याहून अधिक. पुरावा म्हणून बिल किंवा करारपत्र जोडलं की काम झालं. दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात एका वेळी पाचशे जण जोडलेले धरले, तर या ५० एमबीपीएसमधून प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम शंभर केबीपीएस येतात. आज शहरातलं चार माणसांचं कुटुंबसुद्धा घरी याच्या दुप्पट क्षमतेची फायबर जोडणी घेतं. शिवाय हा आकडा फाटकाशी आलेल्या जोडणीचा आहे. पाण्याची मुख्य वाहिनी इमारतीपर्यंत आली म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी येतंच असं नाही, हे सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र मोजमाप वाहिनीपाशीच थांबलं.

एकेकाळी हे चालून गेलं असतं. आज कॉलेजचा सगळा कारभारच जाळ्यावर उभा आहे. मुंबई विद्यापीठ परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवतं आणि कॉलेजात त्या छापून वर्गात नेल्या जातात. त्याच विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचा निर्णय पुरेशा तयारीविना राबवला. निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी प्रवेश घेतलेली मुलं हवालदिल झाली आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. श्रेयांकांची नोंद अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये होते. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्नित महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि ‘स्वयम्’सारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचं वजन वाढलं. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे तेरा हजार संशोधन नियतकालिकं खुली झाली. तीन वर्षांसाठी त्यावर ६,००० कोटी रुपये मंजूर आहेत. इतक्या मोलाची ज्ञानसंपदा कॉलेजच्या दाराशी आणून ठेवायची आणि वाचनकक्षात एक पीडीएफ उतरायला दहा मिनिटं लागू द्यायची, हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे.

वायफाय बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे जवळून पाहिलं तर निम्मे उपाय फुकटचे आहेत हे कळतं. सकाळी साडेदहापर्यंत सगळं सुरळीत असतं. अकराच्या सुमारास फोनवर ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ असं दिसतं आणि गाडी तिथेच अडते. राउटर प्रत्येक फोनला एक तात्पुरता क्रमांक देतो. घरगुती धाटणीच्या मांडणीत असे अडीचशेच्या आसपास क्रमांक असतात आणि एकदा दिलेला क्रमांक बरेचदा दिवसभर त्याच फोनच्या नावावर राहतो. सकाळच्या तासाची मुलं घरी गेली, तरी त्यांचे क्रमांक अडकलेलेच. दुपारच्या मुलांना रिकामा क्रमांक मिळत नाही. कॉलेज यावर ‘स्पीड वाढवून घ्या’ म्हणून जास्त पैसे भरतं, पण मोठी जोडणी घेऊन हा प्रश्न सुटत नाही. क्रमांकांचा साठा वाढवणं आणि त्यांची मुदत तासाभरावर आणणं हे जाणत्या माणसाचं अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी चूक ॲक्सेस पॉइंटच्या जागेची. बहुतेक कॉलेजांत तो कॉरिडॉरमध्ये लावलेला दिसतो, कारण तिथे वायर नेणं सोपं आणि पाहणीला आलेल्या समितीला तो चटकन दिसतो. लांबलचक कॉरिडॉरमध्ये त्याचा सिग्नल दूरवर जातो आणि पुढच्या ॲक्सेस पॉइंटच्या कामात लुडबुड करतो. वर्गात मात्र भिंत ओलांडून जायचं असल्याने तो क्षीण होतो. एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाचं बोलणं चालतं. शेवटच्या बाकावरच्या फोनला सिग्नल कमजोर मिळाला की तो हळू बोलतो, तेवढीच माहिती पाठवायला जास्त वेळ घेतो आणि तोवर वर्गातल्या बाकीच्यांना थांबावं लागतं. म्हणून कॉरिडॉरमध्ये एक दणदणीत ताकदीचा ॲक्सेस पॉइंट लावण्यापेक्षा मोठ्या वर्गांत छताला कमी ताकदीचे वेगवेगळे लावणं केव्हाही बरं.

त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन आहेत: १, ६ आणि ११. वायफाय नीट चालत नाही म्हणून मुलं आपापले हॉटस्पॉट सुरू करतात. ते याच गर्दीत शिरतात आणि मुळात डळमळीत असलेलं वायफाय आणखी कोलमडतं. सरकारने २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झ भाग परवान्याशिवाय वापरायला खुला केला. तिथे जागा ऐसपैस आहे आणि आजचे बहुतेक फोन तो पट्टा वापरतात. तरीही निविदेत ‘सर्वांत कमी दर’ एवढाच निकष असेल, तर जुन्या एका पट्ट्याचे राउटर कॉलेजच्या भिंतींवर चढत राहणार.

विजेचा मुद्दाही सांगायला हवा, कारण ग्रामीण महाराष्ट्रात निम्म्या तक्रारी तिथेच संपतील. वीज गेली की ऑफिसचा इन्व्हर्टर सुरू होतो आणि मुख्य राउटर चालू राहतो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या लहानशा स्विचमधून वर्गांना जोडणी जाते, त्याला बॅटरी नसते. खाली ऑफिसात इंटरनेट चालू आहे म्हणून कुणाला फिकीर नाही आणि वर सगळा मजला अंधारात. दोन इमारतींच्या मधून तांब्याची केबल ओढलेली असेल तर पावसाळ्यातल्या विजांनी उपकरणं जळण्याचा धोका असतो, शिवाय शंभर मीटरच्या पुढे ती नीट चालतही नाही. तिथे फायबरच हवी.

बिनतारी जाळ्याचा जन्मच मुळी विद्यापीठांतला आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची केंद्रं रेडिओने जोडणारं ‘अलोहानेट’ सुरू केलं. अमेरिकेतल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲलेक्स हिल्स यांनी १९९३ मध्ये ‘वायरलेस अँड्र्यू’ हा प्रकल्प हाती घेतला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथला जवळपास सगळा परिसर बिनतारी जाळ्याखाली आला. तेव्हा बाजारात वायफाय हे नावही रुळलेलं नव्हतं. हिल्स यांच्या कामातली शिकण्याजोगी गोष्ट उपकरणांइतकीच पद्धतीची आहे. त्यांच्या गटाने चाकांच्या गाडीवर मोजणीची साधनं ठेवून ती इमारतींमधून फिरवली. सिग्नल कुठे पोचतो आणि कुठे तुटतो हे जागेवर मोजलं आणि मग ॲक्सेस पॉइंट कुठे लावायचे ते ठरवलं. आपल्याकडे आधी खरेदी होते, मग ठेकेदार मोकळी भिंत शोधतो.

भारतातही सुरुवात उशिरा झाली असं नाही. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे देशाचं पहिलं शैक्षणिक जाळं उभारायला घेतलं, तेव्हा त्यात आयआयटी मुंबई आणि जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या मुंबईतल्या दोन संस्था होत्या. २०१० मध्ये केंद्राने ५,९९० कोटी रुपयांच्या ‘नॅशनल नॉलेज नेटवर्क’ला मंजुरी दिली. त्यातून मोठ्या संस्था झपाट्याने जोडल्या गेल्या. ‘एज्युरोम’ ही २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत युरोपात सुरू झालेली सोय आज शंभराहून अधिक देशांत आहे आणि भारतात ती अर्नेट चालवतं. आपल्या संस्थेच्याच पासवर्डवर दुसऱ्या विद्यापीठात गेल्या गेल्या वायफाय मिळतं. राज्यातल्या अनुदानित आणि विनाअनुदानित खासगी कॉलेजांपर्यंत यातलं फार थोडं झिरपलं, आणि महाराष्ट्रातली बहुसंख्य मुलं शिकतात ती तिथेच.

फोनच्या रेंजचा प्रश्न वायफायहून वेगळा आहे आणि त्याकडे कॉलेजं ‘हे कंपन्यांचं काम’ म्हणून पाहतात. पुण्या-मुंबईतल्या जुन्या कॉलेजांच्या काळ्या दगडाच्या जाड भिंती, नव्या इमारतींचं सळयांनी भरलेलं काँक्रीट आणि खासगी विद्यापीठांच्या इमारतींवरच्या धातूचा मुलामा दिलेल्या काचा, हे सगळं सिग्नल अडवतं. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं. त्यातला मोठा भाग ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो, आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त तितकं भिंतीपलीकडे जाणं अवघड. म्हणून फाटकाबाहेर ५जीच्या पूर्ण दांड्या आणि तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ‘नो सर्व्हिस’, असं दिसतं. प्रयोगशाळेत अपघात झाला तर ११२ ला फोन लागला पाहिजे. मुलींच्या वसतिगृहातून घरी फोन लागला पाहिजे. ही चैन नव्हे, सुरक्षेची किमान गरज आहे.

यावर काही संस्था बाजारातून स्वस्तातला सिग्नल बूस्टर आणून बसवतात. असं उपकरण खासगीरीत्या बाळगणं, विकणं आणि वापरणं बेकायदा आहे, असं दूरसंचार विभागाने स्पष्टपणे बजावलेलं आहे. त्यामागे कारणही आहे. असा बूस्टर टॉवरकडे गोंगाट पाठवतो आणि आजूबाजूच्या शेकडो लोकांचे कॉल तुटतात. कायदेशीर मार्ग दोन. एक म्हणजे मोबाइल कंपन्यांशी बोलून इमारतीच्या आत सामाईक अँटेना बसवून घेणं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकित मानांकन देणारे विनियम काढले आहेत. विद्यापीठांनी आपल्या इमारतींसाठी ते मानांकन स्वतःहून मागितलं, तर कंपन्यांशी वाटाघाटीला बळ मिळेल.

दुसरा मार्ग याहून स्वस्त आहे आणि तो बहुतेकांच्या खिशात आधीच आहे. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीस देशातल्या दोन मोठ्या कंपन्यांनी वायफायवरून साधा कॉल करण्याची सोय जादा शुल्काविना दिली. बऱ्याच फोनवर एसएमएसही त्याच वाटेने येतात, म्हणजे ओटीपीसाठी गच्ची गाठायला नको. अडचण कॉलेजच्या फायरवॉलमध्ये असते. या सोयीला ५०० आणि ४५०० क्रमांकाचे दोन यूडीपी पोर्ट उघडे लागतात आणि ‘सगळं बंद’ या सरसकट धोरणात ते बंद राहतात. फायरवॉल सांभाळणाऱ्याने मनावर घेतलं तर चहा निवायच्या आत हे दुरुस्त होतं.

रेंजसाठी जवळ टॉवर हवा म्हटलं की उत्सर्जनाच्या भीतीने तो नको म्हणणाऱ्या पालकांची काळजी समजण्यासारखी आहे. त्यांना एवढं सांगायला हवं की १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश आहे. दुसरं असं की टॉवर लांब असला किंवा सिग्नल कमजोर असला, तर हातातला फोन त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी स्वतःची ताकद वाढवतो, आणि तो फोन कानाला लावलेला असतो.

आता पासवर्डांविषयी. कॉलेजं वायफाय कुलूपबंद ठेवतात, यालाही इतिहास आहे. २००८ च्या उन्हाळ्यानंतर देशात बॉम्बस्फोट होत होते तेव्हा दहशतवाद्यांनी ईमेल पाठवण्यासाठी मुंबई परिसरातली असुरक्षित वायफाय जाळी वापरली. त्यात नवी मुंबईतलं एक घर होतं आणि माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाचं जाळंही होतं. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक करणाऱ्या सूचना दिल्या. नोंदी ठेवण्याचे नियम पुढे आणखी कडक झाले. हे सगळं रास्त आहे. पण ओळख पटवणं आणि दर अर्ध्या तासाने लॉगिनचं पान समोर आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेशाबरोबरच स्वतःचं नाव-पासवर्ड देऊन फोनवर एकदाच नोंद करून घेता येते. एकच पासवर्ड ऑफिसच्या कपाटावर चिकटवून ठेवणं यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे, कारण तिथे कुणी काय केलं हे कधीच कळत नाही.

‘वायफाय दिलं की मुलं रील्स बघत बसतील’, हा आक्षेप प्राध्यापकांच्या खोलीत हमखास निघतो. २००७ मध्ये खुद्द आयआयटी मुंबईने वसतिगृहातलं इंटरनेट रात्री अकरा ते दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली होती. मुलं एकलकोंडी होतात, सकाळचे तास बुडवतात, ही तिथल्या प्रशासनाची चिंता खरी होती. पण तो निर्णय आधी भरपूर देऊन मग आवर घालण्याचा होता. ज्या कॉलेजने कधी धड दिलंच नाही, त्याला या युक्तिवादाचा आधार घेता येत नाही. रील्स बघणारा मुलगा स्वतःच्या डेटावर बघतोच. अडतो तो घरच्या एकाच रिचार्जवर भावंडांबरोबर दिवस काढणारा. जुलै २०२४ मधल्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा एक प्रचलित प्लॅन २८ दिवसांना २९९ रुपयांवर गेला. वर्षाला तेरा रिचार्ज, म्हणजे जवळपास ३,९०० रुपये. कित्येक अनुदानित कॉलेजांत कला शाखेच्या मुलीची वर्षाची फीसुद्धा एवढी नसते. यूट्यूब सरसकट बंद केलं तर आयआयटींची एनपीटेलची व्याख्यानंही त्याबरोबर जातात. गर्दीच्या वेळी व्हिडिओचा वेग मर्यादित ठेवणं आणि दरडोई दैनंदिन वापराची हद्द घालणं हे बंदीपेक्षा शहाणपणाचं आहे.

२०२० च्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातली पशुवैद्यकीय शाखेची एक विद्यार्थिनी रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाइन तासांना बसत होती. तिची बातमी देशभर गाजली. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं ते योग्यच, पण कॉलेजं पुन्हा भरल्यावर तो विषयच मागे पडला. भारतनेटची फायबर अनेक गावांत ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत पोचलेली आहे. कॉलेज तिथून दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर तेवढं अंतर जोडण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता येतं. एसटी स्टँडवर, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, वसतिगृहाखालच्या खानावळीत अशी केंद्रं उभी राहिली, तर कॉलेजच्या परिसराबाहेरची अडचणसुद्धा सुटेल. त्यासाठी विद्यापीठाने पुढाकार घ्यायला हवा.

मग हे करायचं कुणी? बहुतेक कॉलेजांत जाळं सांभाळण्यासाठी मंजूर पदच नाही. संगणकाच्या प्राध्यापकाच्या गळ्यात ते पडतं किंवा लॅब असिस्टंटच्या. उपकरणांसाठी एकदा निधी मिळतो, पण देखभालीचं वार्षिक कलम अंदाजपत्रकात नसतं. पाच वर्षांनी राउटर जुने होतात आणि पुन्हा नव्या योजनेची वाट बघणं सुरू होतं. सरकारने दोन-तीन कॉलेजांमागे एक प्रशिक्षित नेटवर्क तंत्रज्ञ दिला तरी चित्र बदलेल. तोवर घरातलंच बळ वापरता येईल. पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. त्यात मुलं बाग सांभाळतात, ग्रंथालयात काम करतात. बीसीएच्या आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना त्याच योजनेत खोलीवार सिग्नल मोजायचं काम द्यावं. फोनवरची मोफत ॲप्स त्याला पुरतात. मुलांना कामाचा अनुभव मिळेल आणि कॉलेजला स्वतःचा खरा नकाशा.

सध्याचा काळ या मागणीसाठी अनुकूल आहे. नॅकची जुनी श्रेणीपद्धत जाऊन ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यता नाही’ अशी नवी पद्धत आणण्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं आहे, म्हणजे निकष नव्याने घडत आहेत. त्यात बिलाऐवजी मोजणी मागावी: कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, वर्ग भरलेला असताना, शेवटच्या बाकावर मिळणारा वेग, आणि प्रत्येक खोलीत फोनला रेंज आहे की नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यावर विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधीही असतात. समितीच्या वर्षातल्या एका बैठकीत हा खोलीवार तक्ता विषयपत्रिकेवर यावा, कुठल्या खोलीचं काम कधी होणार याची तारीख इतिवृत्तात लिहिली जावी, आणि जूनमध्ये निघणाऱ्या प्रवेशाच्या माहितीपत्रकात फीच्या तक्त्याशेजारी तो छापला जावा.